मुंबईची दूरचित्रवाणी आणि गिरगाव ते लालबागचे लोकजीवन

मुंबईच्या दूरचित्रवाणी केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. तोवर देशात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. तेथे १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रायोगिक आणि १९६५ पासून रोजचे कार्यक्रम होत. मुंबई महाराष्ट्राची राजधानी होऊन तेव्हा एक तप उलटले होते. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७३ला, सिंहगडावरचे सहक्षेपण केंद्र सुरू झाले आणि पुणेकरांना मुंबईचेच कार्यक्रम दिसू लागले. १ एप्रिल १९७६ला दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी होऊन ‘दूरदर्शन’ झाली.

या पहिल्या दशकाचे वैशिष्ट्य त्याच्या तांत्रिक मर्यादेत होते. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. त्याच्या लहरी जेथवर पोचत तेथवरच केंद्राचा प्रेक्षक. देशभर एकाच वेळी दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९८२ला. त्यामुळे जवळजवळ दहा वर्षे मुंबई केंद्राने जे केले ते आपल्या परिसरासाठीच केले. ‘स्थानिक कार्यक्रम’ असे वेगळे नाव देण्याची तेव्हा गरज नव्हती. केंद्राची जागाही बोलकी आहे. वरळीत एका बाजूला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला गिरण्या, आणि जवळच १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या १२१ इमारती. ज्यांच्याविषयी बोलायचे ती माणसे केंद्राच्या दारातच राहत होती.

त्या काळच्या कार्यक्रमांची नावे पाहिली की केंद्राने शहराची विभागणी कशी केली होती ते कळते. ‘कामगार विश्व’ कामगारांसाठी, ‘सुंदर माझं घर’ गृहिणींसाठी, ‘किलबिल’ मुलांसाठी, ‘युवदर्शन’ तरुणांसाठी, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ साहित्य-कलांच्या रसिकांसाठी, ‘आवो मारी साथे’ आणि ‘संताकुकडी’ गुजराती भाषकांसाठी. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम. मुंबईत शेती नाही, तरीही तो लालबाग-परळात पाहिला जाई, कारण गिरणीत पाळी करणाऱ्या माणसाचा एक पाय रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा सातारा-कोल्हापुरात असे. पेरणीला रजा टाकून गावी जाणारा आणि गणपतीला एसटी पकडणारा हा माणूस एका कार्यक्रमात कामगार होता आणि दुसऱ्यात शेतकऱ्याचा भाऊ. त्याच्या दोन्ही ओळखींना एकाच पडद्यावर जागा होती. मुंबईच्या दूरचित्रवाणीने या शहराविषयी जे मोठे समंजसपण दाखवले, त्यात याची गणना करावी लागेल.

प्रेक्षणीय स्थळांचे कार्यक्रम त्या मानाने सोपे. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी १९११ची आणि बांधकाम १९२४ला पूर्ण. राणीच्या बागेतले वस्तुसंग्रहालय १८७२पासून लोकांसाठी खुले. बाणगंगेचे तळे, घारापुरीची लेणी. ही माहिती इतिहासाच्या पुस्तकात मिळते, आणि निवेदक ती चांगल्या आवाजात सांगू शकतो. कस अवघड लागतो तो वस्तीत शिरल्यावर. गिरगावातली वाडी हे स्थळ नाही, ती राहण्याची रीत आहे. सामायिक गॅलरी, जिन्याखालचे दुकान, चौकातला मांडव, एकमेकांच्या स्वयंपाकाचे वास आणि एकमेकांच्या पाहुण्यांची दखल हे सगळे मिळून ती वाडी होते. कॅमेऱ्यापुढे दिसते ती भिंत आणि कठडा. बाकीचे माणसाच्या बोलण्यातून काढून घ्यावे लागते.

बाहेरचे चित्रण तेव्हा १६ मिलिमीटरच्या फिल्मवर होई. फिल्म मर्यादित, ती धुवून निघाल्याशिवाय काय टिपले ते कळत नसे, चाळीच्या खोलीत दिवे लावायला जागा नसे. गिरणीच्या आत जायचे तर व्यवस्थापनाची परवानगी लागे, आणि आत गेल्यावर साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचे शब्द ऐकू येत नसत. कामगार हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत. ध्वनिमुद्रकाला तेथे हाती काही लागत नसे. म्हणून पुष्कळसे काम स्टुडिओत होई. कामगाराला, शाहिराला, भजनी मंडळाला वरळीला बोलावले जाई, पांढऱ्या-काळ्या नेपथ्यापुढे बसवले जाई आणि त्याची वस्ती त्याच्याकडून वदवून घेतली जाई. यात नुकसान होते, पण एक फायदाही होता. वस्तीविषयी वस्तीतला माणूसच बोलत होता, आणि त्याला पुरेसा वेळ मिळत होता.

याच स्टुडिओने निवेदनाची एक मराठी घडवली. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या दोघी पुढे अभिनयासाठी ओळखल्या गेल्या, पण मुंबईकरांनी त्यांना आधी बातम्यांच्या आणि निवेदनाच्या आसनावर पाहिले. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांचे आवाज घराघरांत ओळखीचे झाले. ही भाषा स्वच्छ होती, पुस्तकी नव्हती. तरीही ती गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाची होती हे नोंदवले पाहिजे. लालबागची मालवणी किंवा घाटावरची बोली पडद्यावर येई ती नाटकातल्या पात्राच्या किंवा स्टुडिओत आलेल्या पाहुण्याच्या तोंडून. निवेदकाच्या तोंडून नाही. शहराची ओळख करून देण्याचा अधिकार कोणत्या बोलीला आहे हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

प्रेक्षकाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संच महाग होता आणि तो बाळगायला परवाना लागे; ती पद्धत १९८५पर्यंत चालली. चाळीत मजल्यावर एखाद्याच घरी संच असे, आणि ‘छायागीत’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम किंवा शनिवारचा मराठी चित्रपट असला की त्या घराचे दार उघडेच ठेवावे लागे. मुले पुढे जमिनीवर, बायका आतल्या अंगाला, पुरुष गॅलरीत खिडकीशी. म्हणजे चाळीवरचा कार्यक्रम चाळच एकत्र बसून पाहत होती, आणि चुकले तर तेथल्या तेथे दुरुस्त करत होती. निर्माते आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाने तर प्रेक्षकांना संघटितच केले. या कार्यक्रमाच्या प्रेरणेने गावोगावी आणि वस्त्यांमधून ज्ञानदीप मंडळे निघाली. कार्यक्रम पाहून झाल्यावर काही काम करायचे, अशी त्यांची धारणा होती. दूरचित्रवाणीने लोकजीवन दाखवण्यापलीकडे जाऊन त्यात भर घातल्याचे इतके उघड उदाहरण मुंबई केंद्राच्या इतिहासात दुसरे नाही. सुरेश खरे यांच्या ‘नाट्यावलोकन’चे कामही याच जातीचे. शिवाजी मंदिर किंवा साहित्य संघ या नाट्यगृहांत काय चालले आहे याची चर्चा घरात बसून ऐकायला मिळे.

काही गोष्टी कॅमेऱ्याला उशीर झाल्यामुळे कायमच्या निसटल्या. लालबाग-परळच्या शाहिरीचे दोन मोठे आवाज, अण्णाभाऊ साठे आणि शाहीर अमर शेख, १९६९ सालच्या जुलै आणि ऑगस्टमध्ये, सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. वरळीचे केंद्र त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाले. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या सभांमध्ये, परळच्या कामगार मैदानावर, या माणसांनी जो समुदाय हलवला, त्याचे दूरचित्रवाणीवर काहीही नाही. केंद्र थोडे आधी सुरू झाले असते तर, असे मनात येतेच.

दुसरी गोष्ट मात्र कॅमेऱ्याच्या डोळ्यांदेखत घडली. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. नेमके त्याच वर्षी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले. रात्रीचा मोक्याचा वेळ देशासाठी गेला. स्थानिक कार्यक्रम संध्याकाळच्या आधीच्या तासांत सरकले. दूरदर्शन हे सरकारी खाते होते, आणि संपाच्या बाजूने बोलणारा कामगार त्याच्या पडद्यावर सहज येईल अशी स्थिती नव्हती. गिरणगावात, म्हणजे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या भागात, त्या वर्षी खानावळी उधारीवर चालत होत्या, गावकीच्या गाळ्यांत एकत्र राहणारी माणसे गावी परतत होती, भोंगे बंद होते. त्या रोजच्या जगण्याची मुंबईच्या स्वतःच्या दूरचित्रवाणीने जेवढी नोंद करायला हवी होती तेवढी झाली नाही. शहराचा चेहरा बदलत असताना शहराचा कॅमेरा दुसरीकडे वळला होता, आणि ही या माध्यमाची सर्वांत मोठी उणीव आहे.

१९८५मध्ये मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली. ती महानगरापुरती असल्यामुळे तिच्याकडून स्थानिक जीवनाची अपेक्षा होती. पण १९९३मध्ये चारही महानगरांच्या दुसऱ्या वाहिन्या उपग्रहाने जोडून ‘मेट्रो’ केली गेली आणि ती करमणुकीची राष्ट्रीय वाहिनी बनली. मराठीसाठी १९९४मध्ये उपग्रह वाहिनी आली, जी पुढे ‘सह्याद्री’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ती साऱ्या महाराष्ट्राची वाहिनी. गडचिरोली आणि गिरगाव यांना एकाच वेळी बोलायचे म्हटल्यावर गिरगावच्या वाट्याला किती वेळ येणार?

खरी स्थानिक वाहिनी त्याच सुमारास वेगळ्याच वाटेने आली होती. १९९१च्या आखाती युद्धाच्या बातम्यांनी केबलला जोर आला. इमारतींच्या गच्च्यांवरून, झाडांवरून काळ्या वायरी एका घरातून दुसऱ्या घरात गेल्या. प्रत्येक भागाचा एक केबलवाला असे आणि त्याच्याकडे व्हिडिओ यंत्रावरून चालवलेली एक स्वतःची वाहिनी असे. तिच्यावर चित्रपट दाखवले जात, पडद्याच्या तळाशी क्लासेसच्या, साड्यांच्या सेलच्या, पोळीभाजी केंद्राच्या जाहिराती सरकत; आणि गणपतीत मंडळाचा देखावा, नवरात्रातला गरबा, शाळेचे संमेलन, दहीहंडीचे थर हेही दिसत. चित्रीकरण लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यानेच केलेले असे. हात हलत, आवाज फुटत, संकलन ओबडधोबड. तरी आपल्या वाडीची आरती आपल्या घरातल्या पडद्यावर पाहण्याचे जे सुख होते ते कोणत्याही मोठ्या वाहिनीने पुन्हा दिलेले नाही.

या धडपडीला कायद्याने कधी घर दिले नाही. केबल दूरचित्रवाणी जालाचा कायदा १९९५चा. त्याने नोंदणी, कार्यक्रमसंहिता आणि दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवण्याची सक्ती आणली. वस्तीसाठी राखीव वाहिनीची तरतूद त्यात नव्हती. तुलनेसाठी अमेरिका पाहता येते. मुंबई केंद्र सुरू झाले त्याच १९७२ साली तेथील दळणवळण आयोगाने मोठ्या शंभर बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांना नागरिक, शाळा आणि स्थानिक शासन यांच्यासाठी वाहिन्या राखून ठेवायला सांगितले. १९७९मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, तेव्हा १९८४च्या केबल कायद्याने शहरांना अशा वाहिन्या मागण्याचा अधिकार पुन्हा दिला. भारतात सामुदायिक नभोवाणीला २००२मध्ये शिक्षणसंस्थांपुरती आणि २००६मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी परवानगी मिळाली. सामुदायिक दूरचित्रवाणीचे दार मात्र बंदच राहिले. ३१ ऑक्टोबर २०१२च्या मुदतीने मुंबईतली केबल डिजिटल झाली. सेट-टॉप बॉक्समध्ये संकेत वरूनच कुलूपबंद होऊन येऊ लागले आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या हातून त्याची छोटी वाहिनी गेली.

खासगी मराठी वाहिन्यांनी शहराकडे दोन रीतींनी पाहिले. एक प्रवासाची. मिलिंद गुणाजी यांच्या ‘भटकंती’ने मराठी प्रेक्षकाला किल्ले, लेणी, घाट आणि किनारे फिरवले, त्यातून तरुणांच्या एका पिढीला पाठीवर पिशवी टाकून बाहेर पडायची सवय लागली. पण भटकंती म्हणजे शहराबाहेर जाणे, हा समजही त्यातून पक्का झाला. गिरगावातून राजमाचीच्या किल्ल्यावर जाणाऱ्या कित्येकांनी गिरगावातल्याच खोताच्या वाडीत कधी पाऊल टाकले नव्हते. दुसरी रीत घरात शिरण्याची. २००४मध्ये झी मराठीवर सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’ हा पैठणीचा खेळ म्हणून ओळखला जातो. सूत्रसंचालक आदेश बांदेकर दारात आले की सगळी चाळ जिन्यात गोळा होई. वहिनींचे माहेर कुठले, लग्न कसे जमले, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे कशी झोपतात, सासूबाई पूर्वी काय काम करत, ही माहिती हसतखेळत बाहेर पडे. परळ-लालबागच्या घरांचे अंतरंग, भांड्यांची मांडणी, देव्हारा, पोटमाळा, हे सारे या कार्यक्रमात जितके टिपले गेले तितके कोणत्याही माहितीपटात टिपले गेलेले नसेल. पुढच्या अभ्यासकाला तो करमणुकीचा कार्यक्रम म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

खाण्याच्या कार्यक्रमांविषयी थोडक्यात सांगता येते. दादरचे थालीपीठ आणि पियूष, फणसवाडीतली मिसळ, लालबागच्या चिवडा गल्लीतल्या कढया हे कॅमेऱ्याला आवडणारे विषय. त्यांत बहुधा चव सांगितली जाते, काम सांगितले जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत लालबागला मिरच्या वाळवून, निवडून, भाजून कांडपाला देणाऱ्या बायकांची रांग लागते. प्रत्येक घराचे मसाल्याचे प्रमाण वेगळे, आणि आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून त्या यंत्रापाशी उभ्या राहतात. त्या प्रमाणांमध्ये मालवण, रायगड, सातारा सगळे असते. गिरणगावाचा नकाशा तेथे मिळतो.

२००७पासून मराठी वृत्तवाहिन्या एकामागून एक आल्या आणि लालबागचे नाव देशभर पोचले. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीतला गणेशोत्सव १८९३चा, गणेश गल्लीचा १९२८चा, लालबागच्या राजाचा १९३४चा. आज आगमनापासून विसर्जनापर्यंतचा सोहळा थेट दिसतो; चरणस्पर्शाची रांग, दानपेटीची मोजदाद, गिरगाव चौपाटीवरचा निरोप. अशा प्रक्षेपणामुळे आजारी आणि परगावच्या माणसाला दर्शन मिळते, ही मोठी गोष्ट आहे. राजाची मूळ कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. पेरू चाळीजवळचा बाजार १९३२मध्ये बंद झाल्यावर उघड्यावर आलेल्या कोळणींनी आणि छोट्या विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली, बाजार उभा राहिला आणि त्या कृतज्ञतेतून हा गणपती बसला. नवसाला पावणाऱ्या देवाची ओळख मुळात एका वस्तीच्या पोटापाण्याशी बांधलेली आहे. दहा दिवस अहोरात्र प्रक्षेपण चालत असताना या बाजारासाठी दहा मिनिटे निघायला हवीत. ६ डिसेंबरचेही, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनाचेही, असेच आहे. चैत्यभूमीवरच्या गर्दीचे आकाशातून घेतलेले दृश्य सर्वत्र दिसते. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपाशी भाकरी बांधून आलेला माणूस कोणते पुस्तक विकत घेतो, हे फार थोड्या वेळा दिसते.

थेट प्रक्षेपणाची ताकद आणि धोका दोन्ही याच शहराने अनुभवले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वेळी कुलाब्याला फक्त ७३. गिरगावातल्या माणसाला खिडकीतून नेहमीचा पाऊस दिसत होता आणि कलिना-कुर्ल्याचे काय झाले ते पडद्यावर कळत होते. एकाच शहरातल्या दोन हवामानांना जोडण्याचे काम त्या दिवशी स्थानिक दूरचित्रवाणीने केले. २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्यात याच थेट चित्रणाने सुरक्षा दलांची हालचाल उघड केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये त्यावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले आणि २०१५मध्ये दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर नियमाने बंदी आली.

राजधानीच्या शहराला फक्त स्वतःची अशी वाहिनी परवडते का, याचे उत्तर लंडननेही शोधून पाहिले. ‘लंडन लाइव्ह’ ३१ मार्च २०१४ला सुरू झाली आणि जानेवारी २०२५मध्ये बंद पडली. मुंबईत मराठीतून अशी वाहिनी टिकवण्याचा हिशेब याहून कठीण आहे, कारण गिरगाव आणि गिरणगाव या दोन्ही ठिकाणचा मराठी प्रेक्षकच विरळ होत गेला. गिरण्यांच्या जमिनी १९९१च्या विकास नियमांनंतर आणि २००६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मॉल आणि मनोऱ्यांखाली गेल्या. गिरगावात भुयारी मेट्रोचे स्थानक झाले. त्यासाठी काही जुन्या इमारती उतरल्या. वरळीच्या बीडीडीतील पहिल्या रहिवाशांना २०२५मध्ये उंच इमारतींत नवी घरे मिळाली. पन्नास वर्षे मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेली वस्ती आता मनोऱ्याशी उंचीने बरोबरी करू पाहते.

म्हणून जुन्या चित्रफितींची किंमत वाढली आहे. चुंबकीय फीत महाग असल्यामुळे ती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभरच्या केंद्रांत होती आणि सुरुवातीचे पुष्कळ कार्यक्रम त्यातच गेले. जे उरले त्यातले काही ‘सह्याद्री’ने इंटरनेटवर खुले केले आहे. त्यात नामवंतांच्या मुलाखती आणि नाटके अधिक. वस्तीतले चित्रण कमी, आणि जे आहे त्याची ओळख अपुरी. चित्रात गॅलरीत उभी असलेली माणसे कोणत्या चाळीतली, मागे दिसणारी चिमणी कोणत्या गिरणीची, मिरवणूक कोणत्या मंडळाची आणि कोणत्या वर्षीची, हे फितीच्या डब्यावर लिहिलेले असतेच असे नाही. केबलवाल्यांच्या आणि मंडळांच्या व्हीएचएस कॅसेट तर कपाटांच्या माथ्यावर बुरशी धरत आहेत, आणि त्या चालवणारी यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर मोजके उरले आहेत. फीत डिजिटल करणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे चित्रातल्या जागा आणि माणसे ओळखणे. ते यंत्राला जमणारे नाही. ती ओळख पटवू शकणारी म्हातारी माणसे आता गिरगाव-लालबागमध्ये कमी आणि डोंबिवली, विरार, बदलापूरला अधिक आहेत. फिती घेऊन त्यांच्याकडेच जावे लागणार आहे.